हिरीखालचं वावर

आमच्या नगरच्या फ्लॅटची वास्तुशांत होती त्या दिवशी सगळे पाहुणे टाइल्स आणि किचनचा ओटा बघत होते, आणि माझे थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊजी, खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या म्हाताऱ्या सासऱ्याशी बोलत उभे होते. पंगत खोळंबली. दोनदा निरोप गेला. शेवटी ते वर आले, हात धुऊन पानावर बसले आणि वरणभात कालवता कालवता भरल्या पंगतीत म्हणाले, "सुनंदा, तुमच्या बिल्डिंगच्या जागेला गाढवलोळ म्हणायचे. आसपासची सगळी गाढवं इथं लोळायला यायची. पक्की माहिती आहे. विचारून आलो."

माझ्या माहेरची माणसं पानात बघायला लागली. गेटवर पितळी अक्षरांत इंग्रजी नाव असलेली आमची बिल्डिंग त्या दिवसापासून भाऊजींच्या लेखी गाढवलोळ झाली. कुणाशी ओळख करून द्यायची तर म्हणायचे, "हा माझा धाकटा भाऊ, ही सुनंदा. गाढवलोळीत असतात." आधी मी चिडायचे. मग रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये आमचे हे, मुलगी आणि मी स्वतः कशा अवस्थेत पडलेलो असतो ते एकदा नीट पाहिलं, आणि नाव अगदीच सोडून दिलेलं नाही असं वाटून गप्प बसले.

भाऊजी जमीन मोजणीच्या खात्यात होते. नोकरीभर जिल्हा पायाखाली घातला. राजूरच्या डोंगरातली भातखाचरं मोजली, शिंगणापूरच्या बाजूचा ऊस मोजला, आणि निवृत्त होऊन आपल्या कर्जतला येऊन बसले. बसले म्हणजे आपलं बोलायची पद्धत. उंच, काटक, मानेवर उन्हानं पडलेली कायमची काळी रेघ. कुणाच्या घरी गेले की बसायच्या आधी खोलीची लांबी पावलांनी मोजायचे आणि मालकाला सांगायचे की बिल्डरनं तुम्हाला कुठं फसवलंय. आमच्याकडे त्यांनी बाल्कनी मोजली तेव्हा मी मुद्दाम मिक्सर लावला होता.

पण मोजण्याचा सोस हा त्यांचा खरा सोस नव्हे. तो नावांचा. मोजणीला गेलं की शेतकरी कधी गट नंबर सांगत नाही. तो म्हणतो, सायेब, चोपनाच्या वावरापास्नं सुरू करा, म्हंजी हिरीखालच्या वावराच्या कडंनं खाली येता यील. चोपन म्हणजे खारवट जमीन, मीठ फुटणारी. हीर म्हणजे विहीर. प्रत्येक शेताला असं नाव आणि प्रत्येक नावाला कारण. आणि सरकारी कागदात नावाला रकानाच नाही. भाऊजींनी नोकरीभर ते सहन केलं. निवृत्तीच्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "फ्रीज मागत होते मी." भाऊजी म्हणाले, "फ्रीजमध्ये गावं ठेवता येत नाहीत."

कर्जतातल्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्यानं त्यांना एक प्रोग्राम करून दिला. गाव, गट नंबर, वावराचं नाव, नाव का पडलं आणि कुणी सांगितलं. पाच रकाने. तेव्हा मराठी टाइप करायचं म्हणजे वेगळा फॉन्ट घालावा लागे. पडद्यावर मराठी दिसायचं, पण मशीनच्या पोटात सगळी इंग्रजी अक्षरं. फॉन्ट आहे तोवर सगळं गोड. हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि असतं तरी आम्ही काय करणार होतो.

मग वर्षानुवर्षं हेच. सकाळी एखाद्या गावाला जायचं, पारावर, बांधावर, नाहीतर भाकरी थापणाऱ्या बाईसमोर बसायचं, आणि संध्याकाळी येऊन दोन बोटांनी टाइप करायचं. जसं ऐकलं तसं. यावरून आमचं एकदा वाजलं. आमचे हे शाळेत मराठी शिकवतात आणि त्यांच्या संगतीनं मलाही लोकांची वाक्यं दुरुस्त करायची खोड लागली आहे. शेतांमधल्या चिंचोळ्या वाटेला म्हणतात तो शब्द पडद्यावर पाहून मी म्हटलं, "भाऊजी, पानंद नाही, पाणंद. बाणातला ण."

"तुझ्या बाणात असेल. मला सांगणारी बाई पानंद म्हणाली."

"पण बरोबर शब्द..."

"हे बघ, मी मोजणीवाला आहे, मास्तर नाही. मास्तर घरात एक आहे तो पुरे. हद्दीचा दगड जिथं आहे तिथं दाखवायचा. चांगला दिसतो म्हणून हातभर इकडं सरकवायचा नाही. खून पडतात त्यानं."

एका गावात दोन भावांनी एकाच वावराची दोन नावं सांगितली. थोरला म्हणाला आईचं वावर, धाकटा म्हणाला वादाचं वावर, आणि दोघांनी आग्रह धरला की दुसऱ्याचं खोडा. भाऊजींनी दोन्ही लिहिली. पुढं कित्येक महिने ते भाऊ आळीपाळीनं कर्जतला यायचे, चहा प्यायचे आणि खोडलं का म्हणून विचारायचे. भाऊजी म्हणायचे, "जमिनीचे हिस्से पडतात, नावाचे कसे पाडू? दोन्ही राहू द्या. भांडायला तरी एकमेकांकडं जाल." जाऊबाई म्हणायच्या, "ते एकमेकांकडे कुठं जातात, माझ्याकडे येतात, आणि साखर दोन चमचे घेतात."

आता मुख्य रडकथा.

भाऊजी कॉम्प्युटर बंद करायचे ते भिंतीवरच्या बटणानं. शेतावरची मोटर बंद करावी तसा, खट्कन. मी सांगून थकले की आधी पडद्यावरून बंद करायचा असतो. ते म्हणायचे, "माझ्याच घरातली वस्तू बंद करायला मी तिची परवानगी मागू?" दुसरं माझं पालुपद, या सगळ्याची कॉपी काढून ठेवा. त्यावर, "सातबाराची कॉपी काढली म्हणून जमीन दोन होते का?" माणूस इतका ठाम बोलला की माझ्यासारखीला आपणच काहीतरी चुकीचं बोललो असं वाटायला लागतं.

त्यातच कर्जतजवळच्या एका गावच्या सरपंचबाईंनी ठरवलं की गावच्या शेतरस्त्यांना लागून प्रत्येक वावराच्या तोंडाशी नावाची पाटी लावायची. खरं नाव, नंबर नव्हे. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण सरपंचबाईंचे सकाळचे शुभेच्छासंदेश मला अजून येतात. त्यांनी भाऊजींकडे यादी मागितली. ग्रामसभेच्या आधी पाट्या लागायला हव्या होत्या. भाऊजींना मी एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या नावांना कागदावर जागा नव्हती ती आता रस्त्यावर उभी राहणार होती. त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला. आणि त्याच आठवड्यात मला फोन आला.

"सुनंदा, उघडत नाही."

"काय उघडत नाही, भाऊजी?"

"सगळी गावं."

भिंतीवरच्या बटणानं एकदाचा दावा साधला होता. फाइल खराब झाली होती. दुसऱ्या दिवशी भाऊजी एसटीनं नगरला आले, मांडीवर कॉम्प्युटरचा डबा, चादरीत गुंडाळलेला. कंडक्टरनं लगेजचं विचारलं तर म्हणे, "यात अख्खा तालुका हाय. किती तिकिटं फाडता बोला." ते सरळ माझ्याकडे आले, कारण घराण्यात मी कॉम्प्युटरवाली. एका पतसंस्थेत काही वर्षं नोंदी करायचं काम केलं, एवढ्याच भांडवलावर ही पदवी आहे. माझ्याजवळ उपाय दोनच. बंद करून पुन्हा चालू करणं, आणि त्यानं नाही जमलं तर मागून फुंकर मारणं. दोन्ही केले. भाऊजी शेजारी उभे राहून डॉक्टरकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते. तेवढं अवघडलेपण मला स्वतःच्या लग्नातही आलं नव्हतं.

मग आम्ही एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथला मनुष्य कानातला इअरफोन काढत नसे, त्यामुळं तो आमच्याशी बोलतोय की फोनवर, कळायचं नाही. "होऊन जाईल, मावशी," म्हणाला. हे वाक्य आम्ही त्यानंतर रोज ऐकलं. सकाळी होऊन जाईल, दुपारी लाइट गेली, संध्याकाळी आलोच दहा मिनिटांत. भाऊजी आमच्याकडेच मुक्कामाला. बाल्कनीच्या कठड्याशी उभे राहून खाली बघायचे, चहा गार व्हायचा. सरपंचबाईंचा फोन आला की बाथरूममध्ये जायचे.

शेवटी एके दिवशी दुकानदारानं बोलावलं. "डेटा काढलाय मावशी, पण करप्ट आहे."

पडद्यावर गट नंबर सगळे जागच्या जागी होते. आणि नावांच्या रकान्यात नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टोपी घातलेला ए. पानामागून पान तेच.

"आकडे वाचलेत," दुकानदार म्हणाला. "हे बाकीचे रकाने काढून टाकू का? फाइल हलकी होईल."

भाऊजी म्हणाले, "काढा. आणि तिथं माझं नाव घाला, पुढं मयत लिहा."

त्याला विनोद कळला नाही. तो म्हणाला, "डिस्क फॉरमॅट करून नवीन करून दिलीय, काका. आता एकदम फास्ट चालंल. त्याचं वेगळं काही घेणार नाही." म्हणजे जे काही उरलं ते आता त्यानं हातात ठेवलेल्या बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये. या माणसाच्या मनात वाईट करायचं नव्हतं. या गोष्टीत कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, आणि त्यानंच मला सगळ्यात जास्त राग येतो. राग काढायला माणूसच सापडत नाही.

घरी आलो. भाऊजी जेवले नाहीत. आमचे हे शाळेतून आले, चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे कुठं करप्ट आहे? माझी सहामाहीची प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडे उघडली की अशीच दिसते. फॉन्ट नाहीये नुसता."

आमच्या घरात यांचं म्हणणं सहसा कुणी मनावर घेत नाही, त्यामुळं त्यांनाच ते तीनदा सांगावं लागलं. नावं होती. सगळी होती. टोपीवाल्या ए-च्या आड चोपन होतं, पानंद होती, आईचं आणि वादाचं दोन्ही होतं. भाऊजी उठले, हात धुतले आणि एकटेच पिठलंभाकरी वाढून घेऊन बसले.

पण डिस्कबरोबर पुसला गेलेला तो फॉन्ट कुठून आणायचा? क्लासवाला कर्जत सोडून गेलेला. तेव्हा मुग्धा, आमची लेक, म्हणाली, प्रसाद करून देईल. प्रसाद म्हणजे आमचे जावई, पुण्याला संगणकातच आहेत. जुन्या फॉन्टमधलं हल्लीच्या मराठीत आणणं त्यांच्या हातचा मळ. पेन ड्राइव्ह मुग्धाबरोबर पुण्याला गेला. जाताना भाऊजींनी तिला बजावलं, "प्रसादरावांना म्हणावं, झालं की यादी थेट सरपंचबाईंना पाठवा. मला नको, सुनंदाला तर नकोच. आता मध्ये कुणाचा हात लागायला नको. एकानं डिस्क पुसली तेवढं बास."

पेंटर रंग कालवून बसला होता. यादी वेळेत पोचली. प्रसादरावांचा फोन आला, "आई, सगळं आलं. एकही नाव गेलं नाही." भाऊजींनी कर्जतला पेढे वाटले. ज्यांना वाटले त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही, पण घेतले.

ग्रामसभेच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. नवा सदरा, इस्त्रीची घडी तशीच. सरपंचबाई आम्हाला घेऊन शेतरस्त्यानं निघाल्या. पिवळ्या पाट्या, काळी अक्षरं, लांबून फारच देखणं दिसत होतं. पहिल्या पाटीशी भाऊजी थांबले.

आनंदीचे वावर.

"ही आनंदी कोण?" त्यांनी विचारलं.

भाऊजींना गावोगाव नाना म्हणत. सरपंचबाई म्हणाल्या, "नाना, तुमच्याच यादीत हाय. आमाला वाटलं तुमाला ठावं."

भाऊजी पुढं गेले. स्वप्नाचे वावर. त्याच्या पुढं लग्नातले वावर. मग खेळाचे वावर. मग एका चढाला, ज्वारीच्या कडेला, हिऱ्याखालचे वावर. भाऊजी प्रत्येक पाटीसमोर उभे राहायचे, शेताकडे बघायचे, पुन्हा पाटीकडे बघायचे. मागून येणाऱ्या लोकांत कुजबुज सुरू झाली होती. एक म्हातारा म्हणाला, "माज्या खळ्याच्या वावराचं खेळाचं कुनी केलं ओ? आता काय कबड्डी लावू का तितं?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजाडलं. मी बाजूला जाऊन पुण्याला फोन लावला. प्रसादराव आनंदानं म्हणाले, "हो आई, ते सांगायचं राहिलंच. फार अशुद्ध टाइप झालं होतं. मोठ्या काकांचं वय, दोन बोटांनी टायपिंग, होतंच. मग मी शुद्धलेखन तपासायचं सॉफ्टवेअर फिरवलं सगळ्यावरून. जो शब्द त्याला सापडत नाही त्याच्या जागी सर्वांत जवळचा बरोबर शब्द."

पानंदीचं झालं आनंदीचे. चोपनाचं झालं स्वप्नाचे. लवन म्हणजे सखल भाग, तर लवनातलं झालं लग्नातले. हिरीखालचं झालं हिऱ्याखालचे. आणि 'का पडलं' हा रकानाही सुधारला होताच. नंतर छापील यादीत मी वाचलं, "स्वप्नाचे वावर. मीठ फुटते. काही पिकत नाही." हे वाचून हसू की रडू ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

फोन भाऊजींनी माझ्या हातातून घेतला. आता हा माणूस एकदा मोजणीला आडवं आलेल्या आमदाराच्या मेहुण्याला बांधावरून खाली उतरवून आलेला. मी डोळे मिटले. पण पलीकडं जावई होते. घरचे जावई. सगळं गाव भोवती उभं. भाऊजींचा आवाज इतका मऊ झाला की मला भीती वाटली.

"प्रसादराव, फार कष्ट घेतलेत."

"छे हो काका, तुमच्यासाठी एवढं तर करायलाच हवं. काही राहिलं असेल तर सांगा."

"राहिलं कुठं. तुम्ही काही राहूच दिलं नाहीत." मग हळूच, "ते आधीचं, अशुद्ध होतं ते, कुठं असेल का?"

"नाही ना. पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस होते. पूर्ण साफ करून दिलाय तुम्हाला."

"साफ," भाऊजी म्हणाले, आणि फोन मला देऊन चालायला लागले.

परत येताना मी नगरच्या दुकानात विचारायला गेले, एखादी प्रत उरली असेल म्हणून. दुकानदार अभिमानानं म्हणाला, "आपण गिऱ्हाइकाचा डेटा कधीच ठेवत नाही, मावशी."

त्यानंतरचे महिने भाऊजी त्या छापील यादीशी झुंजत बसले. खेळाचे म्हणजे खळ्याचं, हे त्यांना आठवायचं. पण हिऱ्याचे म्हणजे हिरीचं की हिरामनचं? दगडाचे म्हणजे दगडाचंच की डगरीचं, म्हणजे उंचवट्याचं? ज्या शब्दाला मशीननं हात लावला तो कोणता आणि जो आधीपासूनच तसा होता तो कोणता, काहीच खूण नाही. एकदा मी गेले तेव्हा ते पडवीत यादी मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "सुनंदा, टोप्या घातलेला कचरा होता ना, तो बरा होता. बिघडलंय हे तरी दिसत होतं. आता इतकं बरोबर झालंय की चुकलंय कुठं ते सापडत नाही."

जाऊबाई आतून म्हणाल्या, "चहा घेता का, शुद्ध दुधाचा?"

"त्या शब्दाचं नाव काढू नकोस माझ्यापुढं."

ते पुन्हा गावं फिरायला लागले. पण ज्यांनी नावं सांगितली होती त्यातले कितीतरी गेले होते. त्यांची मुलं पुण्याला, चाकणला. सुना म्हणायच्या, आमी गटावर वळखतो, नाव कुनाला ठावं. सरपंचबाईंना पाट्या बदला म्हटलं तर त्या म्हणाल्या, नाना, पुढच्या बारीला बघू. आणि स्वप्नाच्या वावराच्या मालकानं तर साफ नकार दिला. त्याच्या पोरांनी त्या पाटीपाशी उभं राहून काढलेले फोटो सगळ्या नात्यात फिरले होते. "इतकी वर्सं चोपन म्हनून हिनवलं लोकांनी," तो म्हणाला. "नाव तरी गोड ऱ्हाऊ द्या."

भाऊजी घरी आले आणि जाऊबाईंना म्हणाले, "मीच एकटा अशुद्ध राहिलोय या तालुक्यात."

भाऊजी गेले त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणतात. मी त्यांना हिंडताफिरताना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी. आम्ही दोघं आणि भाऊजी एका लग्नाला निघालो होतो. वाट त्याच गावावरून जाणारी. शेतरस्त्याशी आल्यावर भाऊजींनी गाडी थांबवायला लावली आणि पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. तिच्यात काळ्या रंगाचा लहान डबा आणि ब्रश होता. मला वाटत होतं आहेराचं भांडं आहे.

"एकच पाटी," ते म्हणाले. "हिरीखालचं माझ्या पक्कं ध्यानात आहे. ती हीर मी स्वतः नकाशावर दाखवली होती. तेवढी एक तरी नीट करून येतो."

"दादा, मुहूर्त जवळ आलाय," हे म्हणाले.

"इंजिन चालू ठेव. आलोच."

ते पाटीपाशी गेले. डबा उघडला. शेतात कांदा काढणारी एक बाई उठून बांधापाशी आली, डोक्यावरचा पदर आवरत. गाडीची काच खाली होती म्हणून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"काय करताय ओ, बाबा?"

"नाव दुरुस्त करतोय. चुकलंय."

"काय चुकलंय? हिऱ्याचं वावर. समदे त्येच म्हनत्यात."

"हिऱ्याचं न्हाई, बाई. हिरीखालचं. वर हीर हाय ना तुमची, तिच्या खालचं."

"कंची हीर?"

"ती काय, तिथं," म्हणून भाऊजींनी ब्रशनं वर दाखवलं. तिथं सपाट, काळंभोर, नांगरलेलं रान होतं. कडेनं ठिबकच्या नळ्या.

"ती व्हय," बाई म्हणाली. "ती कवाच बुजवली. जेशीबी लावून लेवल केलं समदं. माज्या पोरांनी तर हीर बघितली बी न्हाई. हिऱ्याचं मातर लहान पोरगं बी सांगतंय."

भाऊजींच्या ब्रशवरून रंगाचा थेंब नव्या चपलेवर पडला. त्यांनी पाहिलं नाही.

"आनि हिऱ्याचं का म्हनत्यात?"

"आमच्या आजेसासऱ्याला नांगरताना हिरा घावला हुता म्हनं हितं. त्यानं तसाच परत पुरला. मरंस्तवर कुनाला सांगितलं न्हाई."

"कुनाला सांगितलं न्हाई, तर तुमाला कसं कळलं?"

"त्ये बी लई मोटं हाय," बाई म्हणाली आणि बांधावर टेकली. "टाइम हाय का तुमाला?"

ह्यांनी हॉर्न वाजवला. भाऊजींनी वळून पाहिलं नाही. खाली वाकून त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं, ब्रश गवतावर ठेवला, धोतर आवरत बांधावर त्या बाईपासून हातभर अंतरावर बसले, आणि आमच्याकडे पाठ असतानाच उजवा हात वर करून इंजिन बंद करायची खूण केली. आवाजात त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.